बचतीचा पंखा

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छापखाना आणि मागच्या खोलीत आम्ही. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत आता गेटवाले बंगले झाले, गेटांवर कुत्र्यांच्या पाट्या लागल्या, पण आमच्या गल्लीचा पत्ता अजून ‘प्रेसवाल्याच्या घराजवळ’ असाच सांगितला जातो. मी पत्रकांवर वाढले. शाळेत बाकीची पोरं काना-मात्रा गिरवत होती तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं आणि त्याचा अर्थही कळत होता. जयंतीची पत्रकं, संपाची पत्रकं, धम्म मेळाव्याची, अंगणवाडीच्या बायांच्या मोर्चाची, दारूबंदीच्या जिल्ह्यात राजरोस चालणाऱ्या दारूविरुद्धची. शाळेतून आले की मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या मारायचे. हाताला शाई लागायची, ती जेवताना भातालाही लागायची.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात, बाबांचं नाव असायचं. मुद्रक, मग नाव, मग गाव. बाकीचा मजकूर पुढे पुढे ऑफसेटवर गेला, कधी नागपूरहून छापून आला, पण ही शेवटची ओळ बाबा पायाने चालवायच्या जुन्या ट्रेडल मशीनवरच छापत. अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवून. त्यांचं नाव तसंच बांधून ठेवलेलं असे, एका लहान चौकटीत, दोऱ्याने आवळून. कधी एखादा मोर्चेवाला घाबरून म्हणे, भाऊ, नाव नका टाकू, पोलीस येतील. बाबा कागद परत त्याच्या हातात देत.

“नाव नाई टाकायचं असन तं छापायचं कायले?”

पोलीस आलेही होते. चहा पिऊन गेले. बाबांचं नाव तळाशी राहिलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात ही एक ओळ आमच्या घराला फार महाग पडली.

माय वर्ध्यात मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाक करते. ठेकेदाराकडून. रोहण्याकडच्या, सेलूकडच्या, समुद्रपूरकडच्या खेड्यांतल्या मुली तिथे राहून शिकतात. मी स्वतः तिथे राहिले नाही, पण त्या स्वयंपाकघरात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या. खिडकी एकच, तीही वर, जाळी लावलेली आणि जाळीवर काजळीची साय. गॅस आहे, पण सिलिंडर हजेरीप्रमाणे मिळतात आणि महिना संपायच्या आधी संपतात. मग चूल. पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापसाच्या आणि तुरीच्या त्या वाळक्या काड्या भसकन पेटतात आणि ओलसर असल्या की असा धूर सोडतात की मुली ताट घेऊन बाहेर अंगणात पळतात. माय कुठे पळणार? तवा तिच्यापुढे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. माय त्यांच्यासमोरच हसली. घरी येऊन म्हणाली, “तिनं पोळ्या लाटल्या नसतीन कधी पन्नास पोट्टींच्या.” मग खोकली. तिचा खोकला सुरू झाला की पुढच्या खोलीत बाबा मशीन थांबवत. तो संपेपर्यंत सुरू करत नसत.

तर हे वसतिगृह ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, ते कार्यालय एके दिवशी पेपरलेस झालं. नाव घेत नाही. नाव घेऊन काय होणार, शेजारचं कार्यालयही तसंच आहे. तोवर त्यांचे सगळे छापील कागद आमच्याकडून जात. हजेरीपत्रकं, साठ्याचे तक्ते, अर्ज, फाइलींची पिवळी कव्हरं. आमच्या घरचं अर्धं मीठ-तेल त्या कागदांवर चालत होतं. ते थांबलं. मी भडकले, बाबा नाही. बाबांच्या डोक्यात ही गोष्ट वेगळीच बसली होती.

“कागद वाचला, तं पैसा वाचला. पैसा वाचला, तं पोट्टींच्या कामी येईन. आपलं एक घर उपाशी राह्यलं तं काय, होस्टेल तं सुधरून राह्यलं.”

“आपण उपाशी राहू म्हणता?”

“तसं नाई म्हणलं. लग्नपत्रिका हाय ना.”

वसतिगृहाच्या अंगणात कार्यक्रम झाला. साहेब आले, मोठा पडदा लावला, पडद्यावर बाण वर जाताना दाखवले. किती रीम कागद वाचला, किती माणसांचं काम यंत्राने केलं, किती खर्च उतरला. आणि मग साहेबांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की हा वाचलेला पैसा तिजोरीत पडून राहणार नाही, तो जिथून आला तिथे परत जाईल, आणि पहिलं काम या वसतिगृहाचं स्वयंपाकघर. धूर इतिहासजमा होईल. टाळ्या. माय मागे वरणाच्या गंजाजवळ उभी होती, पळी हातात धरून. तिनेही पळी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तिचं तेच सुरू. “सायबानं माह्याकडं पाहून सांगतलं. माह्याकडंच. मंग माहीत हाय काय म्हणे? इतिहासजमा म्हणे.”

“म्हणजे?” बाबांनी मुद्दाम विचारलं.

“म्हणजे गेला,” माय म्हणाली. “धूर गेला.”

धूर गेला नाही. पैसा मात्र कुठे गेला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, कारण माझा कॉलेजचा रस्ता त्या कार्यालयावरूनच जायचा. आधी लाकडी दार गेलं आणि काचेचं, आपोआप उघडणारं दार आलं. ते दार लोकांसाठी उघडत नसे, कारण लोकांसाठी बाजूची फट होती. मग साहेबांच्या खोलीत एसी बदलला. मग मागच्या बाजूला अधिकाऱ्यांचं उपाहारगृह झालं, पांढऱ्या फरशीचं, स्टीलच्या ओट्याचं, छताला मोठी धुराडी लावलेलं. तिथे चहा आणि पोहे होतात. पोह्यांना एवढी मोठी धुराडी! मला त्या दिवशी सायकलवरून उतरून रस्त्यावरच थुंकावंसं वाटलं. आणि सगळ्यात शेवटी दर्शनी भिंतीवर एक पाटी लागली, दिव्यांची, रात्रंदिवस जळणारी: ‘आजपर्यंत झालेली बचत’. पुढे लाल आकडा, तो रोज वाढायचा. त्या पाटीचं वीजबिल बचतीत धरलं होतं की नव्हतं, कोण जाणे.

मी ठरवलं, विचारायचं. मायच्या नावाने अर्ज लिहिला, स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं काय झालं म्हणून. कार्यालयात ज्यांच्या टेबलावर हे सगळं येतं ते बाबू मूळचे गिरडचे. आमच्याकडे त्यांना गिरडवालेच म्हणतात. माणूस वाईट नाही, तिथल्या दर्ग्याला गेला की साखर-फुटाण्याचा प्रसाद आमच्या घरीही पोचवतो.

“ऑनलाइन टाकला का?” त्यांनी विचारलं.

“टाकला.”

“मंग त्याची प्रिंट आणजो.”

“प्रिंट? तुमचं तर पेपरलेस आहे ना?”

“हाव. पूर्ण.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “पण सायेब स्क्रीनवर वाचत नाईत. डोळे दुखते त्यायचे. म्हणून प्रिंट लागते. सायेब प्रिंटवर सही करते. मंग मी ते स्कॅन करतो आन् चढवतो. झालं पेपरलेस.”

“मग प्रिंट तुम्हीच का नाही काढत?”

“आम्ही काढली तं आमचा कागद जाते ना, बेटा. तुम्ही आणली तं वाचते.”

ते हे अगदी निरागसपणे बोलले. मी पायऱ्या उतरले तेव्हा पाटीवर आकडा लाल दिसत होता आणि मला पहिल्यांदा कळलं की तो कशाचा आहे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एक प्रिंट होती. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पैसे देऊन आणलेली. कागद वाचला नव्हता, कागदाचा खर्च खेड्यातून आलेल्या माणसाच्या खिशात ढकलला होता, आणि त्याला बचत म्हणत होते.

मी प्रिंट दिली. उत्तर आलं नाही.

उत्तर आलं नाही, पण एक दिवस मायला बोलावणं आलं. गाडी आली वसतिगृहावर. मायला वाटलं, स्वयंपाकघराचंच काहीतरी विचारायचं असेल, म्हणून तिने धुतलेलं लुगडं नेसलं. तिला नेलं ते अधिकाऱ्यांच्या त्या उपाहारगृहात. डोक्यावर पांढरी टोपी घातली, हातात पारदर्शक मोजे चढवले, स्टीलच्या ओट्यासमोर उभं केलं, हातात झारा दिला आणि फोटो काढला. मग मोजे परत घेतले.

“कायचा फोटो होता?” बाबांनी विचारलं.

“मले काय माहीत. म्हणे हसा. मी म्हणलं, कढईत कायीच नाई, हसू कायले? तं ते पोट्टं म्हणे, मावशी, पोहे हाय असं समजा.” माय स्वतःच हसू लागली. “टोपी घातली मले. खरीखुरी.”

आम्ही तिघंही हसलो तेव्हा. मग काही आठवड्यांनी गिरडवाले बाबू पिशवी घेऊन छापखान्यात आले.

“काका, काम आणलं तुमच्यासाठी. काम गेलं, काम गेलं म्हणून कुरकुर करत होते ना? घ्या.”

“मी कधी कुरकुर केली, बाप्पा?” बाबा म्हणाले. “तुमच्या पेपरलेसले पहिली टाळी माही होती.”

“हाव, तं त्याच पेपरलेसचं पुस्तक छापायचं हाय. आर्ट पेपर. चार कलर. बचत कशी झाली आन् बचतीतून काय काय केलं, सगळं फोटोसकट.”

“पेपरलेसचं पुस्तक.”

“हाव.”

“कागदावर.”

“मंग काय पळसाच्या पानावर छापता? काका, तुम्ही प्रश्न लय करता. वरून आलं हाय, वाटायचं हाय सगळीकडं. नागपूरवाल्याले देणार होते, मी म्हणलं, आपल्या काकाले द्या.”

ते खरंच चांगल्या मनाने आले होते. बाबांनी आभार मानले, चहा सांगितला. बाबू गेल्यावर मजकूर उघडला, आणि मधल्या पानावर माय होती. टोपी घातलेली, मोजे घातलेले, रिकाम्या कढईपुढे हसणारी. तिच्या डोक्यावर ती पोह्यांची धुराडी. खाली लिहिलं होतं: ‘बचतीची पुनर्गुंतवणूक: मुलींच्या वसतिगृहातील धूरमुक्त आधुनिक स्वयंपाकघर’.

खोटं मी पाहिलं होतं, पत्रकं वाचत वाढलेल्या माणसाला खोट्याची सवय असते. पण आपल्याच आईला आपल्याच आईविरुद्ध साक्षीला उभं केलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी ते पान उजेडाकडे धरून पाहिलं. मग पुन्हा पिशवीत घालू लागले.

“मी हे नाई छापत.”

“नाहीच छापायचं,” मी म्हणाले. “उलट यावर आपणच पत्रक काढू. दोन फोटो शेजारी शेजारी. हा आणि खरा.”

“काढू,” बाबा म्हणाले. “नाव टाकून काढू.”

माय दारात उभी होती. तिने पिशवी ओढून घेतली, पान काढलं, स्वतःचा फोटो पाहिला. खालची ओळ मला वाचायला लावली. मी वाचली.

“किती सुटतीन याच्यात?” तिने बाबांना विचारलं.

“कायमंदी?”

“या कामात. खर्च जाऊन हाती किती राहते?”

बाबांनी आकडा सांगितला.

“मंग एवढ्यात तो धूर ओढायचा पंखा येते. मी पाहून आली हाय दुकानात. भिंत फोडणं धरून येते.”

“अव, पण हे खोटं हाय!” बाबा पहिल्यांदाच ओरडले. “माह्या हातानं मी माह्या बायकोचं खोटं छापू? अन् खाली माह्यं नाव?”

“आई, हे तुला विकत घेताहेत,” मी म्हणाले. मी तिला मायच म्हणते, पण रागात मला पुस्तकी बोलणं सुचतं.

“मले कोण विकत घेते?” माय म्हणाली. “तुम्ही दोघं बापलेक पत्रकं काढा. लय चांगली काढता. मी इतक्या वर्षांपासून घड्या मारून राह्यली. पण तुमचं तत्त्व तुमच्या तोंडात राह्यते, अन् धूर माह्या छातीत जाते. तुम्ही नाई छापलं तं नागपूरवाला छापीन. फोटो तोच राहीन, पंखा मात्र नाई येईन.”

मग ती खोकली. बाबांनी सवयीने हात मशीनकडे नेला, थांबवायला. मशीन बंदच होतं.

मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते, आणि अजूनही मला तिच्या बोलण्याला उत्तर सापडलेलं नाही. तिच्यापुढे तोंडघशी पडल्याचा राग मी दिवसभर त्या कार्यालयावर काढला, मनातल्या मनात. ज्या सरकारी स्वयंपाकघरात सरकारने पंखा लावायचा, तिथे स्वयंपाकिणीच्या घरच्यांनी खोटं छापून पंखा लावायचा, अशी वेळ आणणाऱ्यांनी स्वतः मात्र काचेच्या दारातून आत-बाहेर करायचं. घाण वाटत होती. हात धुवावेत तर शाईसुद्धा घरचीच.

बाबांनी काम घेतलं. रंगीत पानं नागपूरहून छापून आणली, कटिंग आणि बाइंडिंग घरी केलं. मी पानं जुळवली, मायने पिना मारल्या. पिना मारण्याआधी, शेवटच्या पानाची वेळ आली तेव्हा बाबांनी आपल्या नावाची ती दोऱ्याने बांधलेली चौकट हातात घेतली, पाहिली आणि परत ठेवली. पुस्तिका तळाशी कोरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या छापखान्यातून बिननावाचा कागद बाहेर पडला.

“एवढं तं मी करू शकतो,” ते म्हणाले.

मला बरं वाटलं. मायने पिना मारायला घेतल्या.

आठवड्याने गिरडवाले बाबू सगळे गठ्ठे रिक्षात घालून परत.

“काका, काय केलं हे? मुद्रकाचं नाव कुठं हाय?”

“नाई टाकलं.”

“नाई टाकलं म्हणजे? कायदा हाय तो! ऑडिटले चालत नाई. बिल अडकलं तुमचं.”

“आतमंदी काय छापलं ते चालते का ऑडिटले?”

“ते कोण वाचते?” बाबू म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून जरा ओशाळले. “काका, मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो. नाव टाका, बिल काढतो.”

पिना मारलेली पुस्तिका ट्रेडलवर चढत नाही. मग बाबांनी बाजारातून रबरी शिक्का करून आणला. मुद्रक, नाव, पिपरी मेघे. रविवारी दुपारी आम्ही तिघं पुढच्या खोलीत बसलो. मी पुस्तिका उघडून शेवटचं पान पुढे करायचे, बाबा शिक्का मारायचे, माय फुंकर मारून शाई वाळवायची आणि बाजूला रचायची. एक एक करून. जे नाव त्यांनी एकदा टाकायचं टाळलं, ते प्रत्येक प्रतीवर हाताने, दाबून, टाकावं लागलं. मधे कधी मायला खोकला आला की बाबा हात वर धरून थांबायचे, शिक्का हवेत. माझ्या डोक्यात संताप इतका होता की मी पानं उलटी करून देत होते. बाबा ती सुलटी करून घ्यायचे. आर्ट पेपर गुळगुळीत, त्यावर शिक्क्याची शाई पसरायची. कित्येक प्रतींवर नाव फरफटलेलं आहे. कार्यालयाला ते चाललं. नाव असणं पुरेसं होतं, वाचता येणं नाही.

बिल निघालं. पंखा आला. मोठा, जाळीचा, दणकट. इलेक्ट्रिशियनने वसतिगृहाच्या भिंतीला भोक पाडायला छिन्नी लावली तोच गृहपाल मॅडम धावत आल्या.

“असं कसं लावता? सरकारी भिंत आहे.”

“पंखा आमचा हाय, मॅडम,” माय म्हणाली.

“तेच तर. तुमचा पंखा सरकारी भिंतीत कसा? आधी दान लिहून द्या. मग तो आमचा होईल, मग लावू.”

बाबांनी तिथेच, पायरीवर बसून, पंखा सरकारला दान केल्याचं लिहून दिलं. जय भीम करून मॅडमनी कागद घेतला. त्याची प्रिंट मागितली नाही, हीच मेहरबानी. मग पंखा लागला. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा माणूस डबा-ब्रश घेऊन आला आणि पंख्याच्या चौकटीवर लाल रंगात सरकारी नंबर घालून गेला. वसतिगृहातल्या खुर्च्यांवर, बाकांवर, पाण्याच्या टाकीवर जसा असतो तसा.

पंखा चालला. एवढं मात्र खरं आहे आणि ते मला लिहिलंच पाहिजे. पहिल्या दिवशी मुली ताटं घेऊन आतच बसल्या. मायने पऱ्हाटीची मोळी मुद्दाम चुलीत जास्त घातली आणि धूर भिंतीच्या भोकातून बाहेर जाताना पाहत राहिली, तवा जळेपर्यंत. घरी आल्यावर रात्री ती खोकली, पण कमी. मग हळूहळू आणखी कमी. बाबांचं मशीन आता मधे मधे थांबत नाही.

आणि तरीही घाण संपली नाही, कारण पाहणीला साहेब आले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की पंखा कुठून आला. त्यांनी खाली उभं राहून वर पाहिलं, लाल नंबर पाहिला, खूश झाले. फोटो निघाला. या वर्षी पुन्हा पुस्तिका निघाली आणि गिरडवाले बाबू पुन्हा पिशवी घेऊन आले. मधल्या पानावर आमचा पंखा. खाली तीच ओळ, ‘बचतीची पुनर्गुंतवणूक’.

“या खेपेले फोटो तं खरा हाय,” बाबू खाली मान घालून म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं.

“हाव,” बाबा म्हणाले. “फोटो खरा हाय.”

मी आमच्या त्या न निघालेल्या पत्रकाचा मजकूर तिथल्या तिथे तोंडपाठ म्हणून दाखवला असता. बाबांनी मला हाताने गप्प केलं आणि काम ठेवून घेतलं. या वेळी त्यांनी शेवटचं पान नागपूरला पाठवलं नाही. ते सुटंच ठेवलं, ट्रेडलवर घ्यायला. बांधलेली नावाची चौकट सोडली. खिळ्यांच्या खणांतून, चष्मा नाकावर ओढून, बराच वेळ एक एक अक्षर वेचलं. पहिली प्रत निघाली ती त्यांनी माझ्या हातात दिली. सगळ्यात बारीक अक्षरात, जिथे ऑडिटवाला फक्त ओळ आहे की नाही एवढंच पाहतो, तिथे होतं: मुद्रक, आणि मधल्या पानावरील पंखा स्वखर्चाने देणारे. पुढे बाबांचं नाव. पिपरी मेघे.

मी हसले. खूप दिवसांनी त्या कार्यालयाच्या नावाने मला हसू आलं. कुणी वाचणार नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. साहेब नाही, ऑडिटवाला नाही, ज्यांच्या टेबलांवर ही पुस्तिका चहाच्या कपाखाली जाईल तेही नाहीत. पण छापलेलं होतं, आणि नाव टाकून छापलेलं होतं. बाबांनी मशीन सुरू केलं. खटाखट पानं पडू लागली.

माय वसतिगृहावरून आली. चपला काढल्या, पदराने तोंड पुसलं. मी पान तिच्यापुढे धरून ती बारीक ओळ वाचून दाखवली. तिने पान हातात घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः पुन्हा वाचली, सावकाश.

“अन् माह्यं?” ती म्हणाली.

“तुह्यं काय?” बाबांनी मशीनच्या आवाजात ओरडून विचारलं.

“नाव. धूर मी खाल्ला, टोपी मी घातली, पंखा मी पाहून आली. अन् देणारे तुम्ही एकलेच?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात वांगी कमी तोलल्यावर बोलते तशी बोलली. इतक्या पत्रकांच्या घड्या तिने मारल्या होत्या, आणि त्यांतल्या एकावरही तिचं नाव नव्हतं. मला ते कधी दिसलंही नव्हतं. साहेबांचं खोटं मात्र मला एका नजरेत दिसलं होतं.

बाबांनी मशीन थांबवलं. खोकला नसताना मधेच थांबवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चौकट काढली, दोरा सोडला, आणि खणांवर वाकून तिच्या नावाचं पहिलं अक्षर शोधू लागले. ते लवकर सापडेना. त्या अक्षराचा खण धुळीने भरला होता.

“हाय का?” माय त्यांच्या खांद्यावरून पाहत म्हणाली.

“थांब,” बाबा म्हणाले. “पाहून राह्यलो.”